रक्त साकळायच्या आधी

मशीनच्या पडद्यावर आकडा आला नऊशे बारा, आणि ताईच्या मनात पहिला शब्द उमटला तो 'शेवटी'. आकड्याचा बसला नसता एवढा धक्का तिला त्या शब्दाचा बसला. हा कुठून आला, कोणी बोलावला होता याला? अर्धं आयुष्य या लॅबमध्ये उभ्याने गेलं, लोकांच्या रक्ताचे बरेवाईट आकडे डोळ्यांखालून गेले, पण मनात कधी चकार शब्द उमटला नव्हता. आकडा बघायचा, खूण करायची, पुढची नळी उचलायची. आज मात्र आकड्याशेजारी धाकटीचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट, कारण सासरचं आडनाव तिने माहेरी परतल्यावर टाकूनच दिलं होतं. धडधाकट माणसाचा हा आकडा सात-आठ हजारांच्या घरात असतो. ताईने तीच नळी पुन्हा लावली; नऊशे चार. मग आधीच आकडा माहीत असलेलं तपासणीचं सँपल लावून बघितलं, ते तंतोतंत बरोबर आलं. म्हणजे मशीनला बोल लावायचीही सोय उरली नाही. तिने हात धुतले, पुसले, आणि का धुतले ते न कळून पुन्हा धुतले.

आकडा होता तो रक्तातल्या एका एन्झाइमचा, आणि शिकाऊ मुलींना ते समजावून सांगायला तिला फार आवडायचं. शरीरात कामं हजार, आणि एकेका कामाला एकेक एन्झाइम नेमलेलं. त्याच्या अंगाला एक खोबण असते. त्या खोबणीत नेमका आपलाच पदार्थ बसायचा, बसला की मोडायचा, तुकडे बाहेर, खोबण मोकळी, की आलाच पुढचा. एन्झाइम स्वतः त्यात खर्ची पडत नाही. हे तर त्यातलंही भलतंच चपळ. मज्जातंतू स्नायूला सांगतो 'आवळ', म्हणजे एक रसायन सोडतो, आणि हे एन्झाइम ते रसायन लगोलग पुसून टाकतं, म्हणून तर मूठ आवळता येते तशी सोडताही येते. कीटकनाशक काय करतं, तर त्या रसायनाचं सोंग घेऊन खोबणीत शिरतं आणि तिथेच रुतून बसतं, कुलपात मोडलेल्या किल्लीसारखं. मग पुसायला कोणी नाही. 'आवळ, आवळ' एवढा एकच हुकूम चालू राहतो. घाम, लाळ, उलट्या, अंगभर थरथर, आणि शेवटी श्वासच अडतो. नसांमधलं एन्झाइम तपासायला हाती लागत नाही, पण रक्तात त्याचं एक चुलत भावंड फिरत असतं, ते मोजायचं आणि ताडायचं. 'चुलत घरची खबर ऐकून सख्ख्या घरात काय झालं ते ओळखायचं, बायांनो,' असं ती म्हणायची आणि मुली खुदखुदायच्या. आता पडद्याकडे बघताना तिला स्वतःचं ते वाक्य आठवलं.

दुपारी आईचा फोन आला होता तेव्हा ती जेवणाच्या डब्याचं झाकण उघडत होती. धाकटी न्हाणीघराच्या दारात पडलीय, उलट्या झाल्यात, घामाने निथळतेय, आणि घरभर त्या फवाऱ्याच्या औषधाचा वास सुटलाय. गॅलरीतल्या कुंड्यांना कीड लागली म्हणून धाकटीने ती बाटली आणली होती. आणली त्याच दिवशी ताईने ती सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायला लावली. का, ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. शेजाऱ्याने गाडी काढली, धाकटीला इथेच, ताईच्या हॉस्पिटलात आणलं, आणि ताई जिना चढून कॅज्युअल्टीत पोचली तेव्हा नर्स शीर शोधून शोधून टेकीला आली होती. धाकटीच्या शिरा मेल्या जन्मजात लपंडाव खेळणाऱ्या. 'सरका,' म्हणून ताईने स्वतः सुई हातात घेतली. धाकटीचे ओठ पांढरे पडले होते, केस कपाळाला चिकटले होते, आणि कपड्यांना तो वास येत होता.

"ताई, मी काही घेतलं नाही गं," धाकटी म्हणाली. "सकाळी कुंड्यांवर फवारा मारला, तेव्हा थोडा अंगावर उडाला. पोट कालपासूनच बिघडलंय. आईला सांगितलंही होतं मी."

"हो हो," ताई म्हणाली. "बोलू नकोस. हात सरळ ठेव."

तरुण डॉक्टर तिला बाजूला घेऊन गेला. दाढी राखली म्हणून पोक्त दिसेल अशा समजुतीतला मुलगा, पण वागायला सरळ. तो म्हणाला, "बाहुल्या मला बारीक वाटतात, पण दिवाही थेट तोंडावर आहे. नाडी मंद आहे. नुसती चक्कर आली तरी असं होतं, मॅडम, आणि औषध पोटात गेलं तरी असंच होतं. मी लगेच काही ठरवत नाही. तुमचा आकडा येऊ दे. शुगरही बघून टाका." ताईने दोन नळ्या भरल्या होत्या. कागदावरून चिकटपट्ट्या सोलल्या, नळ्यांवर लावल्या, आणि एकेक पायरी सोडून खाली धावली. हे सगळं तिला आता धुक्यातून बघितल्यासारखं आठवत होतं. स्पष्ट आठवत होतं ते तेवढं 'हो हो'. रडणाऱ्या पोराला गप्प करताना म्हणतात तसं ते म्हटलं होतं तिने, सुई टोचता टोचता, तोंडाकडे न बघता.

तिने कॅज्युअल्टीला फोन लावला. "नऊशे," ती म्हणाली. "दोनदा लावून बघितलं."

"अरे बापरे," डॉक्टर म्हणाला. "ठीक आहे. उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू करतो. आणि मॅडम, हे चौकीवर कळवावं लागेल. विषाची केस म्हणून."

"हो," ताई म्हणाली.

मग आईला. आई काही बोलायच्या आधीच रडायला लागली. "मला धाकधूक होतीच," ती म्हणाली. "कालपासून तोंड पाडून बसली होती. खरं का गं?" हा प्रश्न ताईच्या कानांना नवा नव्हता. धाकटीला बोलता येऊ लागल्यापासून घरात ही रीतच पडून गेली होती. धाकटी काहीही सांगो, मास्तरांनी मारलं म्हणो, पोटात कळ येते म्हणो, आई धाकटीकडे बघायचीच नाही, ताईकडे बघायची. 'खरं का गं?' ताईने मान हलवली की ते खरं, नाही हलवली की नाटक. वडीलसुद्धा हसून म्हणायचे, हिचं बोलणं थोरलीकडून शिक्का मारून आणा. त्या शिक्क्याचा ताईला अभिमानच वाटायचा, कोणाला नाही वाटणार? एवढ्याशा पोरीच्या हाती घरातला खऱ्याखोट्याचा निवाडा. धाकटीही पुढे पुढे शहाणी झाली. काही सांगायचं तर आधी ताईला गाठायची, 'तू आईला सांग ना, म्हणजे पटेल.' "खरं आहे," ताई आता आईला म्हणाली.

आईच्याने पुढे बोलवेना, म्हणून धाकटीच्या नवऱ्याला ताईनेच फोन केला. त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि धाकटी म्हणायची तेच तर त्याचं दुखणं, चढवला असता तर लोकांना ऐकू तरी गेला असता. मुलगी कोणाकडे राहायची एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं कायमचं वेगळं होणं अडून होतं. तो गेले कित्येक महिने एकच पालुपद लावत होता, की हिचं मन थाऱ्यावर नाही, हिच्या हाती पोर सोपवता येणार नाही. धाकटीने जिवाच्या आकांताने पोर धरून ठेवली होती, आणि तिच्याकडे धरण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. हे सगळं ठाऊक असून ताई म्हणाली, "तिने काहीतरी घेतलंय. आकडा आलाय माझ्याकडे. शाळा सुटायची वेळ झाली, आई पार कोलमडलीय, मुलीला आणायला कोणी नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार, ताई," तो म्हणाला. "मी घेऊन जातो तिला. आता तिकडे ठेवणं बरं नाही, तुम्हालाही पटत असेल."

"तूर्त न्या," ताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर हाताला काम उरलं नाही, आणि तिथेच घात झाला. मशीन घरघरत होतं, खिडकीतून समोरच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत दिसत होती, उघडा डबा तसाच पडला होता. 'शेवटी'. म्हणजे ती वाट बघत होती तर. कधीपासून? एका रविवारी दोघी पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा मुलीचा फ्रॉक मांडीवर ताणून धाकटी म्हणाली होती, "कधी कधी वाटतं ना ताई, झोपावं आणि उठूच नये." कोण म्हणत नाही असं? ताई स्वतः मार्चअखेरच्या कामाच्या रगाड्यात दर आठवड्याला म्हणते. पण धाकटीच्या तोंडचं ते वाक्य ताईच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. त्यानंतर घरात बाटली आली तशी तिने ती वर ठेवायला लावली, गॅलरीचं दार लावायला सुरुवात केली, फोन उशिरा उचलला गेला की छातीत धस्स व्हायला लागलं. कोणी म्हणेल माया. माया होतीच, नाही कशी? पण मायेच्या आड दुसरंही काही होतं. मनात एक खोबण तयार होऊन बसली होती, त्या एका बातमीच्या मापाची. आणि खोबणीचं असं असतं की तिला खऱ्याखोट्याची पारख नसते, मापाशी गाठ. धाकटी पांढऱ्या ओठांनी सांगत होती तेव्हा तिच्या शब्दाला आत शिरायला जागाच नव्हती, जागा आधीच अडलेली. पण आकडा तर आलाच आहे, तिने स्वतःला बजावलं, दोनदा आलाय, मी काय मनाने रचला? आणि मग तिला धाकटीचा रागच आला. पोरीचा तरी विचार करायचास ना मेले.

लॅबमधला दुसरा माणूस जेवून परत आला. त्याला सगळे सावकाश म्हणत, कारण जगबुडी झाली तरी त्याचं एकच, 'सावकाश होऊ द्या.' त्याने नळ्यांचा स्टँड पुढे ओढला, एकेक नळी उचलून उजेडात धरली, आणि एका नळीपाशी थांबला.

"बाई, ही कॅज्युअल्टीची शुगर. हिचं टोपण लाल कसं?"

"असेल," ताई म्हणाली.

"शुगरला करडं टोपण लागतं ना. आणि हिच्यातलं रक्त तर साकळलंय चांगलं." तो नळी तिरकी करून बघत राहिला. "हिची जोडीची कुठाय?"

ताई उठली. जोडीची नळी मशीनमध्ये होती, टोपण काढलेली. टोपण तिने, रक्त गरगर फिरवून वरचं पाणी वेगळं करणाऱ्या फिरकीच्या यंत्रातून नळी बाहेर काढल्यावर, न बघता कचऱ्यात टाकलं होतं. तिने पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. सगळ्यांत वर करडं टोपण पडलं होतं. करड्या टोपणाच्या नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरं मीठ असतं, फ्लोराइडचं. नळीत गेल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खातच असतात, एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे, साखळीने. त्या साखळीतल्या एका एन्झाइमला हे मीठ आवळून धरतं, म्हणजे साखर होती तेवढी राहते. पण त्या मिठाला तुमचं माझं कळत नाही. समोर येईल त्याला धरतं. ताई मोजायला निघाली होती त्या एन्झाइमलाही त्याने नळीतच धरून ठेवलं होतं. नऊशे बारा हा आकडा खरा होता, पण तो नळीचा होता, धाकटीचा नव्हता. चिकटपट्ट्या लावताना अदलाबदल झाली, बस, इतकंच. शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी ती हेच घोकून घ्यायची, टोपण बघा आणि मग हात लावा.

आणि त्याहून वाईट गोष्ट तिला उभ्या उभ्या आठवली. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त आधी साकळू द्यावं लागतं, निदान अर्धा तास, तेव्हा वरचं पाणी नितळ मिळतं. करड्या नळीत रक्त साकळतच नाही, आणली की फिरवायला तयार. आज तिला थांबावं लागलंच नव्हतं. धावत येऊन तिने नळी फिरवायला टाकली आणि चटकन पिवळं पाणी वर आलं, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या हाताला त्या घाईत काही खटकलं नाही? परक्या कोणाचं असतं तर नऊशे बघताक्षणी तिने आधी टोपण विचारलं असतं, सावकाशला फैलावर घेतलं असतं. धाकटीच्या बाबतीत विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर आधीपासून घरात येऊन बसलं होतं.

"बाई, ही लावू का त्या टेस्टला?" सावकाश लाल टोपणाची नळी घेऊन उभा होता. "रक्त तिचंच आहे ना."

"लाव," ती म्हणाली. "लवकर लाव रे."

या खेपेला तो 'सावकाश' म्हणाला नाही. नळी फिरकीत गेली. कॅज्युअल्टीचा फोन लागता लागेना. वर जावं तर हातात काय घेऊन जावं? आकडा आल्याशिवाय तिच्या शब्दाला कोण विचारणार, आणि हे मनात आल्यावर तिला एकदम धाकटी आठवली. बिना आकड्याचं बोलणं घेऊन धाकटी जन्मभर अशीच दारात उभी होती. फिरकी थांबली, नळी मशीनमध्ये गेली. आतली सुई वर झाली, खाली झाली. ताईला वाटलं, आणि आत्ताही कमीच आला तर? तर किती सोपं जाईल. हा विचार तिचाच होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. कमी आला तर चूक फक्त टोपणाची, माणसाची नाही. मग पडद्यावर आकडा आला. सात हजार तीनशे काहीतरी. सावकाशने मोठ्याने वाचला, तिने पुन्हा वाचायला लावला, आणि जिन्याकडे पळाली.

वर धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता. ॲट्रोपिनचे डोस गेले होते, मॉनिटरवर हृदय टापा टाकत होतं, जीभ लाकडासारखी कोरडी. विष नसलेल्या शरीरात उतारा गेला की तो स्वतःच धुमाकूळ घालतो. ताईने डॉक्टरला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही शब्द न गिळता. त्याने नर्सला हात करून सुई थांबवली आणि दाढी खाजवत राहिला. "वास आला तेव्हाच मी निम्मं ठरवून टाकलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या आकड्याची वाट बघितली ती नुसती म्हणायला. काही तासांत उतरेल हे. चौकीला मी कळवतो, चुकून झालं म्हणून." त्याने रागवायला हवं होतं असं ताईला वाटलं. रागवला असता तर बरं झालं असतं.

ती पलंगाशी गेली. धाकटीच्या बाहुल्या आता पसरून डोळाभर झाल्या होत्या.

"नळी चुकली," ताई म्हणाली. "माझ्या हातून चुकली. तुझं रक्त चांगलं आहे."

धाकटीने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. जीभ फिरली, पण ओलावा नव्हता. "मग आता नळी काय म्हणते?" ती म्हणाली. "घेतलं नाही म्हणते?"

"हो."

"शहाणी आहे," धाकटी म्हणाली आणि डोळे मिटले. मग ते न उघडताच, "पोरीला कोणी आणलं?"

ताईने सांगितलं. धाकटी उठून बसायला लागली, नर्सने धरलं, वायर ताणल्या गेल्या. "फोन दे," ती म्हणाली. ताईने फोन दिला. धाकटीने तो जवळ धरला, लांब धरला, बोट एका आकड्यावरून दुसऱ्यावर नेलं. ॲट्रोपिनने जवळचं काही नीट दिसत नाही. तिला स्वतःच्या नवऱ्याचा नंबर वाचता येईना. तिने फोन परत केला आणि ताईने लावला.

"रिपोर्ट चुकला होता," ताई घाईने म्हणाली. "नळीची अदलाबदल झाली होती. तिने काहीही घेतलेलं नाही. मी मुलीला घ्यायला येते."

"ताई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो," धाकटीचा नवरा मऊपणे म्हणाला. "बहीण आहे तुमची. पण दुपारी तुम्हाला खरं वाटलं होतं ना? सख्ख्या बहिणीला वाटतं, म्हणजे तसं काहीतरी असल्याशिवाय नाही. रिपोर्टचं काय, एकाचे दोन निघतात."

रुतून बसलेलं औषध नवा रिपोर्ट दाखवून खोबणीतून निघत नाही. शरीराला नवं एन्झाइमच घडवावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात, महिने लागतात. "तिला फोन द्या," ती म्हणाली. "मुलीला." तिकडे कुजबुज झाली, खुर्ची सरकली.

"मावशी, आईने फवाऱ्याचं औषध प्यायलं का?"

"नाही गं राणी. तिचं रक्त तपासलं मी. चांगलं आहे."

"पण तू आईला विचारलंस का?"

ताईने रक्त काढलं होतं, आकडा तीन वेळा बघितला होता, तिघांना फोन केले होते. फोन कानाला तसाच ठेवून ती पलंगाकडे वळली. धाकटी तिच्याकडेच बघत होती, त्या मोठ्या काळ्या डोळ्यांनी, ज्यांना इतक्या जवळचा चेहरा नीट दिसत नसणार.

"तू काही घेतलं होतंस का?" ताईने विचारलं.

कोणी आपल्याला विचारतंय याची धाकटीला सवय नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणते," ताई फोनमध्ये म्हणाली.

"मग बाबांना सांग तसं," मुलगी म्हणाली आणि तिने फोन बापाकडे दिला. पलीकडे तो मऊ आवाज पुन्हा आला, "हं, बोला ताई." ताईने नळीचं, टोपणाचं, सात हजारांचं काहीच काढलं नाही. तिने धाकटीचा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली, "ती काय म्हणते ते ऐका."